पल्याडच्या देवळाचा तांबडा भात

आधी हौसाबाईंचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. उरणच्या पुढे खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्या राहतात. नवरा बंदरात कामाला, आणि या स्वतः लहानशी होडी चालवतात, मासळी विकतात. ओळख ना पाळख, त्यांनी मला होडीत घेतलं, चिखलातून ओढून काढलं, आणि ज्या कामाला मी गेले होते ते माझ्या हातून पुरं करून घेतलं. मी आठवीत शाळा सोडलेली बाई, लिहायचा सराव नाही. लीनाताई म्हणाल्या, "बोलतेस तसंच लिही, जे तिकडे गेले नाहीत त्यांना वाचायला मिळेल." म्हणून बसले आहे.

खांदा कॉलनी

मी मूळची भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. इथे पनवेलच्या खांदा कॉलनीत रोझमावशींना सांभाळायला राहते. कंबरेचं हाड मोडल्यापासून मावशी पलंगावरच असतात. लीनाताई त्यांची लेक, ऑफिसात जातात. सकाळ-संध्याकाळ आईला इंजेक्शन त्याच देतात, कारण सुई टोचायची म्हटली की मी तोंड फिरवते. या घरात मला कधी कुणी वेगळं ताट दिलं नाही. म्हणून मावशींनी काही सांगितलं की मला नाही म्हणवत नाही.

मावशींचं माहेर म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेला एक धर्मग्राम. एका चर्चच्या वस्तीला ख्रिस्ती लोक धर्मग्राम म्हणतात, आणि चर्चला त्या गावचे लोक देऊळच म्हणतात. गावाचं कागदावर नाव वेगळं आहे, पण आसपास सगळे त्याला पल्याड म्हणतात. लीनाताईंनी एकदा मोबाइलवर इंग्रजांच्या काळचं गॅझेटियर उघडून मला त्यातल्या चार ओळींचा अर्थ सांगितला होता. गाव दुर्गम आहे, भरतीला बेट होतं आणि ओहोटीला चिखल, लोक खाऱ्या जमिनीत तांबडा भात पिकवतात आणि देऊळ लांबून पांढरं दिसतं. कुणा साहेबाने आपल्या प्रवासाच्या पुस्तकातही पल्याडचं लिहिलं आहे. तो होडीतून उतरताना कंबरेपर्यंत रुतला आणि नंतर लिहून गेला की इथले लोक आळशी आहेत. मावशी पलंगावरून म्हणाल्या, "त्याला वर काढला तो माझ्या आज्याच्या बापानं. ते नाय लिवलं त्यानं."

ऑक्टोबरात तिथे आगेरा असतो, नव्या भाताचा सण. गावच्या जमिनीत पिकलेल्या लोंब्यांची जुडी वेदीसमोर ठेवतात, फादर आशीर्वाद देतात, मग ती सोडून घराघराला वाटतात. वाटायची रीत अशी: देवळाचे काका एकेका घराचं नाव पुकारतात. आडनाव नाही, जुनं घरनाव. त्या घरच्या कुणीतरी उभं राहून "हाय" म्हणायचं आणि लोंब्या घ्यायच्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या वर्षापासून ते नाव पुकारत नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त नाव थांबतं. मावशींचं घर म्हणजे "विहिरीवरचं घर". इतकी वर्षं त्यांचे भाऊ तिथे उत्तर देत आणि लोंब्या पनवेलला आणून देत. उन्हाळ्यात भाऊ वारले. घराला कुलूप लागलं.

"तू जा," मावशी मला म्हणाल्या.

"मी? मी तुमच्यातली नाही, मावशी."

"घरातली हायस ना? मंग उत्तर दे. लीना गेली तर सुई कोन टोचनार, तू?"

मी पिशवी भरली.

खाडीकाठ

प्रवासाचं मी फार सांगत नाही. एसटी, मग रिक्षा, मग पायी. मी रस्ता विचारत गेले तर प्रत्येक जण म्हणे, "पल्याड? तिथं काय हाय?" धक्क्यावर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि समोर नुसतं पाणी होतं. मी समुद्र पाहिला नव्हता असं नाही, पण पाण्याला हळूहळू काठावर चढताना पहिल्यांदा पाहिलं. आधी एक दगड बुडाला, मग त्याच्या मागचा. पाणी काही आवाज करत नव्हतं. मी मागे सरकले, तेही माझ्यामागे सरकलं.

"घाबरू नको गो, तुला खायला नाय येत," होडीतून एक बाई म्हणाल्या. डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, कानात जड सोनं, पायाशी मासळीच्या पाट्या. त्या हौसाबाई. सणाची मासळी पल्याडला पोचवायला निघाल्या होत्या.

"मला पल्याडला जायचंय, बाई. आगेऱ्याला."

"कोनाच्या घरची?"

मी जरा थांबले. "विहिरीवरच्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यांच्यात तुज्यासारखी बोलनारी कोन नवती. चल, बस. मदी बस, कडेला नको."

खाडीत शिरलो आणि दोन्ही बाजूंनी खारफुटीची झाडं पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी. मागे वळून पाहिलं तर दूर बंदराच्या क्रेनी धुरकट आभाळात मान वर करून उभ्या होत्या. मग एक वळण आलं, त्या गेल्या, आणि समोर देऊळ दिसलं. खाली जमीन दिसतच नव्हती. पांढरी भिंत, वर क्रूस, आणि खाली पाणी. पाण्यात तेच देऊळ उलटं, आणि आमची होडी त्या उलट्या क्रुसावरून चालली होती. मला वाटलं हे गाव आता हलेल आणि आमच्याबरोबर वाहायला लागेल. हौसाबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रोज बगते. अजून गेलं नाय."

साहेबाने पल्याडला दुर्गम लिहिलं. माझ्या गावालाही लोक आडगाव म्हणतात, तेव्हा मला राग येतो. पल्याडच्या माणसांना विचारलं तर दुर्गम पनवेल. तिथे जायला भरतीची वाट पाहावी लागते, रस्ते ओलांडता येत नाहीत, आणि शेजारी कोण राहतं ते कुणाला माहीत नसतं.

पल्याड

देवळाचे काका म्हणजे पास्कूकाका. वय झालेलं, पाठ वाकलेली, पण आवाज असा की विहिरीत बोलावं तर काठावर ऐकू यावा. त्यांनी माझं नाव विचारलं, मावशींची चौकशी केली, आणि घरात फुगे दिले. फुगे म्हणजे तळलेले गोडसर गोळे, वरून कडक, आत मऊ. सोबत निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. आमच्याकडे तलावातल्या झिंग्यांची चटणी असते, तीच भूक, तोच तिखटपणा, पण वास निराळा. मी पोटभर जेवले. इतक्या दिवसांत दुसऱ्याच्या घरी मी पहिल्यांदा न लाजता वाढून घेतलं असेल.

मग दिवस मावळायच्या आधी मी एकटी देवळाकडे गेले. ओसरीत, पायरीच्या बाजूला, एका पितळी ताटात ती जुडी उभी करून ठेवली होती. गावाचा बांध फुटल्यापासून खारं पाणी शेतात शिरतं, म्हणून या वर्षी देवळामागच्या एवढ्याशा तुकड्यात जे पिकलं तेवढंच कापून बांधलं होतं. बाकीचं सगळं अजून हिरवं होतं. मी असं धान कधी पाहिलं नव्हतं. आमचं पिकलं की पिवळं होतं. हे तांबूस, आणि प्रत्येक दाण्याला लांब तांबडं कुसळ. मावळतीचं ऊन त्या कुसळांवर पडलं होतं आणि सगळी जुडी आतून पेटल्यासारखी दिसत होती. देवळाच्या आत कुणीतरी झाडत होतं, त्या झाडूचा आवाज, लांब पाण्याचा आवाज. मी कुठे आहे ते मी विसरले.

आमच्याकडे बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या कडेने, जाताना लोंब दिसली की हात आपोआप जातो. दाणा तोडायचा, दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तर कापणीला आलं, दूध आलं तर थांबायचं. माझे वडील तसं करत, आई करत, कुणाच्याही शेतात करत, आणि कुणी काही म्हणत नसे. माझा हात गेला. दाणा कट्ट वाजला. खारट-गोड चव आली. मी दुसराही घेतला.

झाडूचा आवाज थांबला होता. पास्कूकाका दारात उभे होते.

ते ओरडले नाहीत. हळू पायऱ्या उतरले, जुडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "उष्टी झाली."

मला कळलं नाही. मग कळलं. देवाच्या आधी या भाताचा दाणा पल्याडमध्ये कुणी तोंडात घालत नाही. पाखरं खातात, त्यांना माफ. माणसाने चाखला की ती जुडी वेदीवर चढत नाही, आणि जुडी नाही म्हणजे पुकारा नाही, कारण लोंब्याच नाहीत तर द्यायचं काय. विहिरीवरच्याच नव्हे, सगळ्या घरांची नावं त्या वर्षी तोंडातच राहणार.

बायका जमल्या. एकीने विचारलं, "ही कुठली?"

"खांदा कॉलनीची," मी म्हटलं.

"म्हंजे पनवेलची. पनवेलवाल्यांना भूक लवकर लागते."

फादर तरुण होते, सणापुरते आलेले. ते म्हणाले, "देवाला चालेल हो काका. धान्याचा एक दाणा."

"देवाला चालंल, फादर. गावाला नाय चालनार."

तेवढ्यात हौसाबाई रिकाम्या पाट्या घेऊन आल्या. प्रकार ऐकला आणि पास्कूकाकांना म्हणाल्या, "शबरीची बोरं रामाला चालली ना?"

"तुमचा राम भोला, हौसे. आमचं गाव नाय भोलं."

दोघंही जरा हसले. मला मात्र रडू आवरेना. मी काकांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "तुजी चूक नाय. तुला कोन सांगनार होतं? पन रीत हाय."

"दुसरा भात कुठेच नाही का, काका?"

"पिकलेला नाय. हाय तो हिरवा."

हौसाबाई पाट्या खाली ठेवून म्हणाल्या, "बाहेरच्या बांधावर बघितलास काय? येताना मला तांबडं दिसलं. जुना बांध, पलीकडचा. वारं लागतं तिथं, लवकर पिकलंय."

"तिथं कोन जानार? भरतीलाच होडी लागते. ओहोटीला नुसता चिखल."

"पहाटेच्या भरतीला जाऊ," त्या म्हणाल्या, जणू दळण आणायला जायचं होतं. मग माझ्याकडे वळल्या. "तू येशील ना गो? दाणा ओलखतेस म्हंजे कापता बी येत आसंल."

बाहेरचा बांध

पहाटे पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं. होडी कुठे चालली आहे ते कळत नव्हतं, वल्ह्याचा आवाज तेवढा पुढे सरकत होता. एक पांढरा बगळा दिसला, तो धुक्यातून निघाला आणि धुक्यातच गेला. मला भीती वाटत होती, पण ती दूर कुठे तरी, दुसऱ्या खोलीत कुणी बसलं असावं तशी. मी हौसाबाईंना विचारलं, तुम्हाला याच भरतीला परत जायचं होतं ना? रविवारचं गिऱ्हाईक मोठं असतं म्हणत होतात. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक काय, पुढच्या आयतवारी बी भूक लागंल त्यांना."

बांध म्हणजे पाण्यातून वर आलेली एक लांब पाठ. त्यावर, खारफुटीच्या मुळांशेजारी, कुणी न पेरलेला भात उभा होता. जुन्या शेतातला दाणा वाहत येऊन रुजलेला. विरळ, कमरेएवढा, तांबडा. सूर्य वर आला तसं कुसळ न् कुसळ वेगळं दिसायला लागलं. मी विळा घेतला. आणि हे खरं सांगते, पहिल्याच लोंबीकडे माझा हात पुन्हा तोंडाशी निघाला. हौसाबाईंनी ओरडून सांगितलं, "तोंड बंद." मग त्यांनी आपल्या डोक्यावरची ओढणी सोडून माझ्या नाकातोंडावर बांधली. तशीच मी कापत गेले. कापता कापता गावची आठवण आली, पण त्रास देणारी नव्हे. हात आपलं काम ओळखून होते. कितीतरी दिवसांनी मी काहीतरी न घाबरता करत होते.

जुडी बांधून वळले तर होडी चिखलात. पाणी उतरलं होतं. जिथून आलो तिथे आता काळा, चमकणारा गाळ, आणि त्यावर निवट्या टणाटण उड्या मारत होत्या. पलीकडे देऊळ, आणि देवळाची घंटा वाजायला लागली. मी घाईने पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत गेले. एक चप्पल तिथेच राहिली, ती आता खाडीची.

"हलू नको. हललीस की खाली जाशील. जुडी डोक्यावर धर." हौसाबाईंनी होडीतली लांब फळी काढून गाळावर टाकली. खाडीच्या बायका अशीच चिखलावरून जातात: एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायाने ढकलायचं. त्यांनी मला काखेत हात घालून उपसून फळीवर पाडलं, आणि मागून ढकलत निघाल्या. मी पुढे गुडघ्यांवर, दोन्ही हातांनी डोक्यावर जुडी धरलेली. गाळ फळीखाली सळसळत होता. त्याच्यावर आभाळ पडलं होतं, ढगांवरून सरकत चालल्यासारखं वाटत होतं.

"हौसाबाई, त्या साहेबालाही असंच काढलं असेल."

"कुठला साहेब?"

मी गोष्ट सांगितली. त्या धापा टाकत म्हणाल्या, "तू नको तसं लिवूस."

मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, सुरू झाली होती. फादरांनी प्रवचन लांबवलं होतं असं मला नंतर कळलं, आणि लोक त्यांच्यावर वैतागले होते. आम्ही दारात उभ्या राहिलो, दोघी डोक्यापासून पायापर्यंत काळ्या. पास्कूकाका चालत आले. त्यांनी आधी माझ्या तोंडावरची ओढणी पाहिली. मग जुडी घेतली, एकेका लोंबीवरून बोट फिरवलं आणि ती वेदीकडे घेऊन गेले. कालच्या जुडीपेक्षा ही निम्मी होती.

आशीर्वाद झाला. गाणं झालं. मग काका उभे राहिले आणि नावं पुकारायला लागले. "पायरीवरचं घर." एक म्हातारा उठला. "माडाखालचं घर." दोन पोरी उठल्या. "कुंपनाचं घर." कुणी उठलं नाही. काकांनी पुन्हा पुकारलं, मग वाट पाहिली. सगळं देऊळ वाट पाहत होतं. बाहेर पाण्याचा आवाजही नव्हता, ओहोटीच ना. त्यांनी त्या लोंब्या परत ताटात ठेवल्या. कुणी मान वळवली नाही. कुणी रडलं नाही. एक घर तेवढं गेलं.

"विहिरीवरचं घर."

मी हिंदू, भंडाऱ्याची, पगारावर राहणारी, चिखलाने माखलेली. कोणत्या तोंडाने उत्तर देऊ? आणि त्या तोंडाने काल काय केलं ते सगळ्यांना माहीत होतं.

"विहिरीवरचं घर," काकांनी पुन्हा म्हटलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. पुकारणाऱ्याने कुणाकडे पाहायचं नसतं.

मागून हौसाबाईंचं कोपर माझ्या बरगडीत आलं.

"हाय," मी म्हटलं.

इतकं हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही. मग मोठ्याने म्हटलं. "हाय. विहिरीवरचं घर हाय."

लोक वळून पाहायला लागले. काल भुकेचा टोमणा मारणाऱ्या बाईनेच बाकावर सरकून मला पुढे जायला वाट दिली. काकांनी लोंब्या हातात दिल्या आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "रोझ बरी हाय ना?"

परत

संध्याकाळच्या भरतीला हौसाबाईंनीच मला धक्क्यावर सोडलं. घरी पोचले तर मावशी जाग्या होत्या. लोंब्या त्यांनी हातात घेतल्या, कुसळं गालावरून फिरवली. मी सगळं सांगितलं, दाण्यासकट. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी एक वाकलेलं कुसळ बोटांनी सरळ केलं. मग त्यांनी विचारलं, "पुकारलं काय?"

"पुकारलं."

"कसं पुकारलं? त्याच्यासारकं म्हनून दाखव."

मी पास्कूकाकांच्या आवाजात म्हणून दाखवलं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. मावशींनी पलंगावर पडल्या पडल्या उत्तर दिलं, "हाय." मग लीनाताईंना म्हणाल्या, लोंब्या घरात आल्या, आता नव्या तांदळाचा भात टाक.

हौसाबाईंबद्दल एक राहिलं. धक्क्यावर मी त्यांना विचारलं होतं, मी तुमचं कसं फेडू. पैशाचं नाव काढलं तर त्यांनी हातातलं वल्हं उगारलं. मग जरा विचार करून म्हणाल्या, "तुमच्याकडं समिंदर नाय म्हनतेस. मंग पानी कसं ऱ्हातं?" मी सांगितलं, तलाव आहेत, मोठाले, जुन्या लोकांनी बांधलेले. त्यांचं पाणी चढत नाही, उतरत नाही. सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. त्यांना ते खरं वाटेना. "कुठंच जात नाय? दिसभर?" त्यांनी जन्मात असं पाणी पाहिलं नव्हतं, ज्याची वेळ पाहावी लागत नाही.

हौसाबाई, हे लिहिलेलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील. एक दिवस मी तुम्हाला घेऊन जाईन. धान कापून झालं की, थंडीच्या आधी. आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, तुम्हाला बसवीन, वल्हं नाही, पाटी नाही, कुठली भरती धरायची नाही. पाणी निजलेलं असेल. तुम्हाला हवं तितका वेळ बघा.